ममारी फळीची सागवानी प्रतिकृती: कोरीवकाम उत्तम, पुस्तिका अतिउत्साही

बडोद्याच्या रावपुऱ्यातील हस्तकलेच्या एका दुकानात प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरील ‘ममारी’ या कोरीव फळीची सागवानी प्रतिकृती मराठी पुस्तिकेसह १,२०० रुपयांना मिळते. रोंगोरोंगो ही तिच्यावरील लिपी अजून कोणालाही वाचता आलेली नाही. तिचे जेमतेम दोन डझन लेख उरले असून त्यांपैकी एकही आता त्या बेटावर नाही.

कोरीवकाम नेटके आहे. आकार मुळाप्रमाणे २९ बाय १९.५ सेंटीमीटर असून पक्षी, मासे आणि चंद्रकोरी स्पष्ट उठल्या आहेत. मूळ फळी पारस पिंपळाची आहे आणि ते झाड आपल्या किनाऱ्यावरही वाढते, त्यामुळे सागाचा आग्रह कशासाठी, हे कळले नाही. खरी अडचण मात्र भिंतीवर टांगण्यासाठी पक्क्या बसवलेल्या पितळी कडीची आहे. या लेखांत एक ओळ संपली की फळी उलटी फिरवून पुढची ओळ पाहावी लागते. टांगलेल्या फळीच्या निम्म्या ओळी त्यामुळे डोके खाली करूनच पाहाव्या लागतील.

पुस्तिकेचा चांगला भाग चांद्रमासाचा आहे. फळीच्या एका बाजूला सहाव्या ते नवव्या ओळींत चंद्रकोरींची मालिका येते, हे या लिपीचे जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी १९५८ साली दाखवले. या कोरींच्या मध्ये ठरावीक चिन्हसमूह पुन्हापुन्हा येतो; त्याच्या शेवटी असलेल्या माशाचे तोंड पौर्णिमेपर्यंत वर आणि नंतर खाली असते, म्हणजे शुक्ल आणि कृष्ण पक्षाचा भेद एकही अक्षर न वाचता दिसतो. महिना कधी २९, तर कधी ३० रात्रींचा असल्याने जादा रात्री केव्हा घालायच्या, याची सूचनाही तिथेच असावी आणि ती चंद्रबिंबाच्या भासमान आकारावरून ठरत असावी, असे भाषाशास्त्रज्ञ जाक गी यांनी १९९० साली मांडले. आपल्या पंचांगात तिथीचा क्षय आणि वृद्धी गणिताने ठरते; इथे, गी यांचे म्हणणे खरे असेल तर, आकाशाकडे पाहूनच निर्णय होत असे.

पुढच्या पानावर मात्र लेखकाचा तोल सुटतो. तेथील कोष्टकात प्रत्येक चिन्हापुढे एक तिथी आणि तिचा ‘अर्थ’ छापला आहे, जणू संपूर्ण फळी उलगडली आहे. वस्तुतः या काही ओळींचा विषय तेवढा ओळखता आला आहे, मजकूर नाही. आणि उरलेल्या फळीवर काय कोरले आहे, याविषयी या ओळी काहीच सांगत नाहीत.

कडी काढून घेण्याची तयारी असेल, तर कोरीवकामासाठी ही किंमत रास्त आहे. पुढील आवृत्तीत ते कोष्टक गाळून अमेरिकी नौदलाचे अधिकारी विल्यम थॉमसन यांनी १८८६ साली बेटावर नोंदवलेली चांद्रमासातील रात्रींची स्थानिक नावे छापावीत.