कंपायलरचा बग: वळसा घालावा, मागे जावं की दुरुस्तीची वाट बघावी?

ओ2 वर (म्हणजे कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन चालू असताना) उत्तर चुकतंय आणि ओ0 वर (ते बंद असताना) बरोबर येतंय, एवढ्यावरून कंपायलरला, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, दोषी ठरवू नका. बहुतेक वेळा खोट आपल्याच कोडमध्ये निघते. ‘एक्स + 1 < एक्स’ ही ओव्हरफ्लोची, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेल्याची, तपासणी घ्या. एक्स साइन्ड इंट (ऋण-धन पूर्णांक) असेल तर सी भाषेच्या नियमांनुसार तो ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड, म्हणजे त्याचं काय व्हावं हे ठरवलेलंच नाही, म्हणून जीसीसी हा सीचा कंपायलर ही अट कायम खोटी धरून उडवून टाकतो, आणि तसं करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. बग नोंदवण्याआधी ‘एफ-रॅप-व्ही’ आणि ‘एफ-नो-स्ट्रिक्ट-एलियसिंग’ हे कंपायलरला अशी गृहीतकं धरू न देणारे पर्याय लावून बघा, असं जीसीसीवालेच सांगतात. त्याने फरक पडला तर संशय आपल्या कोडवर. असे अनडिफाइन्ड प्रकार चालताना पकडणारा यूबीसॅनही चालवून घ्या.

तरीही बग कंपायलरचाच निघाला, तर तो कोणत्या जातीचा आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

कंपायलर स्वतःच कोसळत असेल, म्हणजे इंटर्नल कंपायलर एरर, तर कोड जरा वेगळा लिहून वळसा घालावा. एक्स्प्रेशन तोडा, टेम्प्लेट सोपा करा, कामाला लागा. चुकीचं बायनरी (तयार प्रोग्रॅम) बाहेर पडलेलंच नसतं, त्यामुळे धोका नाही.

कंपायलर मुकाट्याने चुकीचा कोड बनवत असेल तर मात्र वळसा मला पटत नाही. तुम्हाला दिसलेली जागा सुधारते, पण तोच साचा आणखी कुठे आहे हे कोण बघणार? एकाच फाइलचं ऑप्टिमायझेशन उतरवणं हा त्याचाच भाऊ: अनेक फाइलींत ओढल्या जाणाऱ्या हेडरमधलं इनलाइन फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये ओ2 वरच कंपाइल होत राहतं.

अशा वेळी मी कंपायलरच्या आधीच्या आवृत्तीवर जाईन, सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) ती पक्की करीन आणि नव्या आवृत्तीने बनलेल्या लायब्रऱ्याही पुन्हा बांधीन. पण बग नव्या आवृत्तीतच शिरलाय याची खात्री हवी. रस्ट भाषेच्या कंपायलरची 1.52.0 ही आवृत्ती मे 2021 मध्ये आली आणि इन्क्रिमेंटल कंपाइल (फक्त बदललेला भाग पुन्हा) करताना अनेकांचं बिल्ड कोसळू लागलं. मूळ बग जुनेच होते. नव्या आवृत्तीने फक्त त्यांची तपासणी सुरू केली होती. मागे जाणाऱ्याची एरर गेली असती, चुकीच्या कोडचा धोका तसाच राहिला असता. चार दिवसांत आलेल्या 1.52.1 ने इन्क्रिमेंटल कंपाइल सरळ बंदच केलं. सदोष सोय बंद करता येत असेल तर मागे जाण्यापेक्षा ते बरं, बिल्ड हळू झालं तरी.

कंपायलर स्वतः पॅच (दुरुस्त) करून वापरणं? टीममध्ये तो पॅच पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर चढवणारा माणूस असेल तरच.

बग नोंदवायचा तो कोणत्याही पर्यायात. पण बग दाखवणारा प्रोग्रॅम आधी सी-रिड्यूस या साधनाने लहान करा. हजारो ओळींची फाइल कुणी उघडत नाही. क्लँग हा कंपायलर असेल तर ‘ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ या पर्यायाने ऑप्टिमायझेशनचा नेमका कोणता पास (टप्पा) बिघडवतोय तेही सापडतं. नुसती वाट बघायची तर बग 323 आठवा: एक्स87 या इंटेलच्या जुन्या दशांश-गणिताच्या भागाच्या जादा अचूकतेबद्दलचा हा बग जीसीसीकडे 2000 साली नोंदला गेला आणि पुढे वर्षानुवर्षं त्यावर डुप्लिकेट साचत राहिले.

चूक परवडणारच नसेल तर कॉम्पसर्ट हा सीचा कंपायलर बघा. सी-स्मिथ या यादृच्छिक प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाच्या 2011 च्या चाचणीत कंपायलरांमध्ये सव्वातीनशेहून जास्त बग सापडले, पण कॉम्पसर्टच्या गणिताने सिद्ध केलेल्या भागात चुकीचा कोड बनवणारा एकही नाही. बनलेल्या कोडला वेग मात्र जीसीसीच्या ओ2 इतका मिळत नाही.

वळसा घातलाच, तर शेजारी कॉमेंटमध्ये बगचा क्रमांक आणि कंपायलरची आवृत्ती लिहा, आणि लहान केलेला प्रोग्रॅम टेस्टमध्ये टाका.