‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) : कथा पुढे नेणारी गाणी

डिस्नेचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ हा अ‍ॅनिमेशनपट नुकताच कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी दाखवण्यात आला, परंतु मागच्या रांगेतील आजी-आजोबांनीच तो अधिक रस घेऊन पाहिला. त्यात नवल नाही. १८८० साली ज्या पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेथील प्रेक्षकाला पात्राने बोलता बोलता गाऊ लागणे खटकत नाही. खटकते ते कथानक थांबवून म्हटलेले पद.

पहिलेच गाणे पाहावे. पुस्तकवेडी बेल टोपली घेऊन गावातून चालत निघते, दुकानदार आणि गिऱ्हाइके आपापल्या व्यवहारातून मान वर करून ‘मुलगी चांगली आहे, पण जरा विचित्रच’ असे गातात, कारंज्याच्या कडेवर ती वाचत बसली असता एक मेंढी पुस्तकाचे पानच खाऊन टाकते, आणि गाणे संपण्यापूर्वी गावचा देखणा शिकारी गॅस्टन तिच्याशी लग्न करण्याचा निश्चय जाहीर करून मोकळा होतो. नायिका, गाव आणि खलनायक या तिघांची ओळख एका गाण्यात उरकते. संगीत अ‍ॅलन मेंकन यांचे, गीते हॉवर्ड अ‍ॅशमन यांची. अ‍ॅशमन मार्च १९९१ मध्ये वारले. नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेला पूर्ण चित्रपट त्यांना पाहता आला नाही. पुढे चित्रपटाला संगीत आणि गीत यांसाठी ऑस्कर मिळाले, तसेच सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळवणारा तो पहिला अ‍ॅनिमेशनपट ठरला.

मूळ फ्रेंच कथा १७४० मध्ये मादाम द विलनव्ह यांनी विस्ताराने लिहिली आणि १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी ती आटोपशीर केली. तेथे वडील व्यापारी आहेत आणि मत्सर करणाऱ्या बहिणी आहेत. चित्रपटाने बहिणी गाळून गॅस्टनला आणले, हा बदल माझ्या मते फारच उपकारक ठरला आहे, कारण रूपवान माणसातील पशू समोर उभा राहिल्याशिवाय पशूतील माणूस नीट दिसत नाही. जमावाला चिथावणारे गॅस्टनचे गाणे तर मुलांइतकेच मोठ्यांनीही लक्षपूर्वक ऐकावे.

बीस्टची, म्हणजे शापाने पशू झालेल्या राजपुत्राची, आकृती अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन यांनी रानरेडा, सिंह, रानडुक्कर, लांडगा अशा अनेक प्राण्यांचे अवयव जुळवून घडवली, तरी डोळे मात्र माणसाचेच ठेवले. जेवणाच्या प्रसंगी त्याला चमचा काही केल्या धरता येत नाही. ते पाहून बेल चमचा बाजूला ठेवते, वाडगा उचलते, आणि दोघेही वाडग्यानेच पितात. एकही संवाद नसलेला हा प्रसंग, संगणकाच्या साहाय्याने उभारलेल्या नृत्यदालनाच्या गाजलेल्या दृश्याहून मला अधिक मोलाचा वाटला.

उणिवाही आहेत. शाप राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंतचा, आणि त्याच शापाने वस्तू झालेले नोकर मात्र दहा वर्षे गंजत पडल्याचे गातात. म्हणजे अकरा वर्षांच्या पोराच्या उद्धटपणापायी साऱ्या वाड्याच्या किटल्या-घड्याळे झाली, असा हिशेब निघतो! मेजवानीचे गाणे नेत्रसुखद असले तरी कथेला तसूभरही पुढे सरकवत नाही. शेवटी प्रकटणारा गोरागोमटा राजपुत्रही इतका गुळगुळीत आहे की बीस्टच बरा होता, असे वाटून जाते.

लांडग्यांच्या हल्ल्याचे दृश्य पाहताना अगदी लहान मुले घाबरतात, तेव्हा त्यांना जवळ घेऊन बसावे. मूळ चित्रपट ८४ मिनिटांचा आहे. त्यातून गाळलेले एक गाणे घालून २००२ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती काढण्यात आली. पुन्हा माणूस होण्याची स्वप्ने रंगवणारे नोकरांचे ते गाणे गोड आहे, परंतु नेमके नृत्याच्या आधी येऊन ते रंगत चाललेल्या कथेचा वेग अडवते. निवड करता येत असेल तर मूळ आवृत्तीच पाहावी.