वही, वॉट्सॲप की बुकिंग लिंक?

वारज्यात स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक सुरू करणाऱ्या एका ज्युनियरने मागच्या आठवड्यात मला विचारलं, "ताई, अपॉइंटमेंटसाठी काय ठेवू?" तिच्यासमोर तीन पर्याय होते: वही आणि फोन, वॉट्सॲप बिझनेस, नाहीतर गूगल कॅलेंडर किंवा कॅलेंडलीसारखी बुकिंग लिंक, जिच्यावर पेशंट मोकळी वेळ स्वतःच निवडतो. कोथरूडमध्ये अकरा वर्षांत मी तिन्ही वापरले आहेत. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. आहारतज्ज्ञ, कर सल्लागार, ब्यूटिशियन, घरी शिकवणी घेणारे, म्हणजे वेळ हाच ज्यांचा माल आहे अशा कुणालाही ते लागू पडेल.

त्याआधी एक प्रश्न. तुमचं काम किती मिनिटांचं आहे? पाच-दहा मिनिटांत उरकत असेल, तर अपॉइंटमेंटपेक्षा नंबर लावण्याची जुनी पद्धत चांगली. एक जण आला नाही तरी पुढचा आत येतो आणि कुणाचंच बिघडत नाही. माझं एक सिटिंग चाळीस मिनिटांचं असतं. तिथे एक जण चुकला की चाळीस मिनिटं वाया गेली, ती परत येत नाहीत. मधल्या लांबीच्या कामासाठी बेली आणि वेल्च यांनी 1952 मध्ये इंग्लंडमधल्या रुग्णालयांसाठी मांडलेला नियम आजही उपयोगी आहे. सुरुवातीच्या वेळेला दोघांना बोलवायचं आणि पुढे सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला. पहिला उशिरा आला तरी तुम्ही रिकामे बसत नाही. मी मात्र हे करत नाही, कारण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला मुद्दाम खुर्चीत बसवून ठेवणं मला पटत नाही.

आता वही. माझ्या निम्म्याहून जास्त पेशंटचं वय साठीच्या पुढे आहे, आणि ते फोनच करतात. फोनवर "कधी येता?" असं विचारू नका. "मंगळवारी साडेदहा की गुरुवारी पाच?" असं विचारा. दोनच वेळा पुढे ठेवल्या की अर्ध्या मिनिटात ठरतं आणि तुमच्या दिवसात भोकं पडत नाहीत. वहीची ही ताकद आहे: वेळ तुम्ही भरता. शिवाय आवाजावरून कळतं की काकूंना आज खरंच जास्त दुखतंय, त्यांना उद्यावर ढकलू नये. उणीव एवढीच की तुमचे हात कुणाच्या खांद्यावर असताना फोन वाजतो. दोनदा उचलला नाही तर नवा माणूस दुसरीकडे जातो. जुना थांबतो.

वॉट्सॲप बिझनेस मोफत आहे, पेशंटच्या हातात आधीपासून आहे, आणि त्यातले तयार उत्तरं, लेबलं, कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश हे सगळं खरंच कामाचं आहे. पत्ता, पार्किंग, सोबत आणायचे रिपोर्ट, सैल कपडे घालून या, ही चार वाक्यं मी एकदाच लिहून ठेवली आहेत. पण वॉट्सॲप ही वेळापत्रकाची जागा नाही, आणि हे मी एका चुकीतून शिकले. एका शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ मी एका आजोबांना फोनवर दिली आणि वहीत लिहिली. त्याच वेळेला दुसऱ्या एका ताईंनी विचारलेल्या "सहाला येऊ का?"ला घाईत अंगठा पाठवला. दोघंही वेळेवर आले. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झालेले आजोबा चाळीस मिनिटं पाय वाकवून बसले, तक्रारीचा शब्दही न काढता. त्या दिवसापासून नियम एकच: वेळ कुठूनही ठरो, ती एकाच ठिकाणी नोंदली जाईपर्यंत ठरलेली नाही. माझ्यासाठी ते ठिकाण फोनमधलं गूगल कॅलेंडर आहे. तुमची वही असेल तरी चालेल, पण मग वहीच. दोन्ही नकोत.

बुकिंग लिंकबद्दल मी बराच काळ साशंक होते. पेशंट वर्क फ्रॉम होम करायला लागले तेव्हा मत बदललं. दुपारी एक ते चार ही वेळ आमच्या जुन्या पेशंटना चालत नाही. जेवण, वामकुक्षी, ऊन. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी, मान आखडलेली तरुण मंडळी मात्र अडीचची वेळ आनंदाने घेतात, आणि ती रात्री अकराला लिंकवरून घेतात, जेव्हा मी फोन उचलणार नसते. लिंकवर मी फक्त दुपारच्या वेळा उघड्या ठेवते. सकाळ-संध्याकाळ फोनवाल्यांसाठी राखीव. दोन सेटिंग पहिल्याच दिवशी लावा: दोन अपॉइंटमेंटमध्ये दहा मिनिटांचं अंतर, आणि किमान चार तास आधी बुकिंग. मोफत खात्यात मला एकच बुकिंग पान मिळतं, म्हणून लिंक फक्त पहिल्या तपासणीसाठी, एक तासाची. पुढची सिटिंग समोरासमोर, पेशंट पलंगावरून उठायच्या आत ठरवते.

घरी जाऊन द्यायच्या सेवेला लिंक अजिबात नको. संध्याकाळी सहाला वारजे संपवून साडेसहाला बाणेर गाठता येत नाही, हे लिंकला कळत नाही. मी भाग वाटून घेतले आहेत: मंगळवार-शुक्रवार वारजे आणि कर्वेनगर, बुधवारी बावधन-बाणेर. पेशंटनाही ते पाठ झालंय. क्लिनिकला येणाऱ्यांना आयडियल कॉलनी किंवा आनंदनगर मेट्रो स्टेशन सांगितलं की उशिरा येणं कमी होतं.

रद्द होण्यात तिन्हींचा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. साडेदहाचा पेशंट नऊला "आज जमत नाही" म्हणतो. लिंकचा इथे उपयोग नाही, किमान चार तासांच्या अटीमुळे दीड तासावरची वेळ ती दाखवतच नाही. वही तुम्हाला नाव सांगत नाही, आठवावं लागतं. इथे वॉट्सॲप जिंकतं. 'लवकर हवी' असं लेबल लावलेल्या चार-पाच जणांना एक संदेश जातो आणि वेळ बहुतेकदा भरते.

आदल्या संध्याकाळची आठवण मी हाताने पाठवते, दहा मिनिटांत होतं. सॉफ्टवेअर विकणारे आपोआप जाणाऱ्या एसएमएसचं आमिष दाखवतात. त्यासाठी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, 2018 च्या नियमांनुसार डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. एकट्याच्या व्यवसायाला हा खटाटोप करण्याची गरज नाही. आगाऊ पैसे यूपीआयने घ्या, पण फक्त पहिल्या तपासणीचे. पाच वर्षं येणाऱ्या काकूंकडे आगाऊ मागणं मला चुकीचं वाटतं.

एक गोष्ट कुठलंच ॲप करत नाही. पालख्यांचा पुण्यातला मुक्काम आणि अनंत चतुर्दशी तिथीने येतात, त्यामुळे दरवर्षी त्याच तारखेला आपोआप लागणारी सुट्टी चुकते. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पेठांतून येणारा पेशंट तेव्हा पोचत नाही. जानेवारीतच भिंतीवरचं कालनिर्णय समोर ठेवून हे दिवस बंद करा. गुरुवार सकाळ उलट जास्त उघडी ठेवा. भोसरी-चाकणच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि कंबरदुखीची ती मंडळी एरवी येऊच शकत नाहीत.

ज्युनियरचे पेशंट सध्या आठ आहेत, सगळे आसपासचे. तिला मी फोन आणि कॅलेंडर सुचवलं, आठवण वॉट्सॲपवर. लिंक दुपार रिकामी राहायला लागली तरच. शुक्रवारी कर्वेनगरचे पेशंट आटोपले की मी तिच्याकडे जाणार आहे, तिचा पहिला महिना कॅलेंडरवर मांडायला.