‘गॅसकडून आलोय, शेगडी चेक करायचीय’

वेळ बहुतेक दुपारी बारा ते तीनची. घरात आजी-आजोबा, नाहीतर ओटा आवरून नुकतंच कोणी टेकलेलं. बेल वाजते. दारात दोघं जण, एकाच्या खांद्याला बॅग, दुसऱ्याच्या हातात रजिस्टर. गळ्यात कार्ड, शर्टाच्या खिशावर सिलिंडरचं चित्र. आडनाव घेऊन ‘काकू’ म्हणतात म्हणून ओळखीचे वाटतात. ते आडनाव त्यांनी जिन्याखालच्या नामफलकावर वाचलेलं असतं. ‘‘गॅसकडून आलोय. चेकिंग कंपल्सरी आहे, शेजारच्यांचं आत्ताच झालं.’’ काकू बाजूला सरकतात, आणि पुढच्या वीस मिनिटांत चांगली चालणारी शेगडी बिघडवून, वर पैसे घेऊन दोघं जिना उतरलेले असतात.

यातली मेख अशी की त्यांच्या बोलण्यातलं निम्मं खरं असतं. एजन्सीकडून पाच वर्षांतून एकदा तपासणी होते, हे खरं. नळीची मुदत संपते, हेही खरं. म्हणून सरळ ‘खोटं बोलताय’ म्हणून दार लावता येत नाही. पण एजन्सीच्या माणसाकडे तुमचा ग्राहक क्रमांक असतो. तो तुम्ही सांगायचा नाही, त्याला विचारायचा. नुसतं नाव आणि फ्लॅट नंबर कोणीही सांगेल. ग्राहक क्रमांक सांगता आला नाही, तर दार अर्धं उघडं ठेवूनच एजन्सीला फोन लावावा. फोन मात्र सिलिंडरच्या पावतीवरच्या नंबरावर, त्यांनी पुढे केलेल्या कार्डावरच्या नव्हे. कार्डावरच्या नंबरावर फोन उचलणारा त्यांचाच माणूस असतो आणि तो अगदी गोड बोलतो.

पहिला खेळ गळतीचा. ‘‘काकू, रेग्युलेटर तुम्हीच बंद करा,’’ असं म्हणून तो ते काम मुद्दाम तुमच्या हातून करवून घेतो. मग शेगडीच्या बाजूची नळी ओढून काढतो, तिच्या तोंडाशी लायटर धरतो आणि भक्कन जाळ होतो. ‘‘बघा, बंद करूनही गॅस येतोय!’’ पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पण हा गॅस सिलिंडरमधून येत नसतो, तो नळीत राहिलेला असतो. आतून ८ मिलिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब नळीत साधारण ७५ मिली गॅस मावतो. तो क्षणभर जळतो आणि आपोआप विझतो. खरंच गळती असती तर ज्योत विझलीच नसती. नेमकं हेच कळू नये म्हणून तो स्वतःच पटकन फुंकर मारतो. त्याचा हात तेवढा बघा.

दुसरा प्रकार फेसाच्या बाटलीचा. नळीच्या जोडावर स्प्रे मारला की पांढरा फेस उसळतो आणि तो म्हणतो, लीकेज. त्या बाटलीतलं पाणी भिंतीवर मारलं तरी फेसच येणार. खऱ्या गळतीचा बुडबुडा एकाच जागेवरून फुगतो, फुटतो आणि पुन्हा तिथेच फुगतो.

ही परीक्षा घरी करायला काहीच लागत नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून हलकेच ढवळायचं, फेस बसेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं. शेगडीचे सगळे नॉब बंद, रेग्युलेटर चालू. जुन्या रंगाच्या ब्रशने पाणी लावायचं: रेग्युलेटर सिलिंडरवर बसतो तिथे, रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर, नळी शेगडीला लागते तिथे, आणि शेवटी नॉब काढून त्यांच्या दांड्यांच्या मुळाशी. प्रत्येक जागी अर्धा मिनिट नजर ठेवायची. काडी किंवा लायटर लावून गळती शोधायची नाही, कोणाला शोधूही द्यायची नाही. रेग्युलेटर बसवल्यावर वास येत असेल, तर बहुधा सिलिंडरच्या तोंडातलं काळं रबरी वायसर झिजलेलं किंवा पडलेलं असतं. रेग्युलेटर काढल्यावर सूं आवाज येत असेल, तर दोष आतल्या पिनचा. दोन्ही वेळा टोपी घट्ट लावायची, सिलिंडर उघड्यावर ठेवायचा आणि एजन्सीला बोलवायचं. त्यात शेगडीच्या मेकॅनिकचं काहीच काम नाही.

गळतीने घाबरवून झालं की ‘सर्व्हिसिंग’ सुरू होतं. इथे होणारं नुकसान पैशांपेक्षा मोठं, कारण ते लगेच कळत नाही.

‘‘फ्लेम मोठी करून देतो,’’ असं तो म्हणतो आणि जेटमध्ये जाड सुई फिरवतो. जेट म्हणजे नॉबच्या पुढे असलेला, मिलिमीटरपेक्षाही बारीक भोकाचा पितळी तुकडा. शेगडीचा सगळा हिशोब त्या भोकावर चालतो. समजा भोक ०.७० मिलिमीटरचं होतं आणि घासून ०.८० झालं. डोळ्याला फरक दिसणार नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढलं, आणि साधारण तेवढाच गॅस जास्त जायला लागला. हवा मात्र त्या मानाने वाढत नाही. पहिल्या दिवशी ज्योत भरघोस दिसते, काकू खूश. आठवड्याभरात पातेल्यांचे बूड काळे पडायला लागतात, फुलका जाळावर टाकला की काजळीचे डाग धरतो, आणि सिलिंडर दर वेळेपेक्षा आठवडाभर आधी संपतो. मग ‘हल्ली सिलिंडरमध्ये गॅसच कमी भरतात’ म्हणून एजन्सीच्या नावाने बोटं मोडली जातात. मोठं झालेलं भोक बुजवता येत नाही, त्याच मापाचा नवा जेट घालावा लागतो.

जवळपास अशीच लक्षणं दिसण्याचं एक निर्मळ कारणही आहे. मुंबई-पुण्यात पाईप गॅसवर चाललेली शेगडी गावी नेऊन सिलिंडरला जोडली, तर असंच होतं. पाईप गॅसचे जेट मुळातच मोठ्या भोकाचे असतात. ती शेगडी जेट बदलल्याशिवाय सिलिंडरवर पेटवू नये, ज्योत हातभर उठते.

दुसरी चोरी बर्नरची. ‘पॉलिश करून आणतो’ म्हणून बर्नर बॅगेत जातात आणि येताना चकचकीत होऊन येतात. जुना पितळी बर्नर हातात घेतला की जड लागतो, आणि पितळ भंगारात वजनावर विकलं जातं. परत आलेला बर्नर कधी सोनेरी रंग मारलेला लोखंडी असतो, कधी हलक्या मिश्रधातूचा. ओळखायला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरे: ते चिकटलं तर पितळ नव्हे. चिकटलं नाही तरी खात्री होत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. म्हणून बर्नर उलटा करून खालच्या कडेवर खिळ्याने बारीक ओरखडा काढायचा. पितळ आतपर्यंत पिवळंच निघतं. रंग मारलेला असेल तर खालून पांढरट किंवा करडं डोकावतं. असा हलका बर्नर उष्णतेने वाकतो, टोपी नीट बसत नाही आणि ज्योत एका बाजूने पळते. भाकरी एकीकडे करपते, दुसरीकडे कच्ची राहते, तेव्हा दोष तव्याला दिला जातो. शक्यतो बर्नर डोळ्यांआड जाऊच देऊ नये. जाणारच असतील तर आधी मोबाइलवर खालच्या बाजूचा फोटो काढावा. नुसतं फोटो काढताना दिसलात तरी बरेच जण ‘राहू द्या, तसे चांगले आहेत’ म्हणतात.

आता महागडी वस्तू. रेग्युलेटरला जोडायचं एक ‘सेफ्टी डिव्हाइस’ बॅगेतून निघतं, त्यावर काट्याचं घड्याळ. ‘‘सरकारने सक्तीचं केलंय, यात किती गॅस उरला तेही दिसतं.’’ अशी वस्तू विकत घ्यायची कोणतीही सक्ती ग्राहकावर नाही. आणि उरलेला गॅस त्या काट्यावर कळूच शकत नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. वाफेचा दाब द्रव किती आहे यावर ठरत नाही, तो किती गरम आहे यावर ठरतो. दहा किलो असो की एक किलो, काटा तिथेच. द्रव संपत आला की मगच तो खाली येतो, आणि तोवर कुकरची शिट्टीही थांबलेली असते. काटा सकाळी खाली आणि दुपारी वर दिसतो तो उन्हामुळे. उरलेला गॅस बघायचाच असेल तर सिलिंडरवर ओलं फडकं उभं फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. द्रवाच्या पातळीखालचा भाग उशिरा वाळतो, ती ओली रेघ स्पष्ट दिसते. पक्कं वजन हवं असेल, तर रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन. घरी सिलिंडर देणाऱ्याकडे वजनकाटा असतो, सिलिंडर घेताना तो लावायला सांगा.

‘गॅस सेव्हर’ जाळी ही त्याच बॅगेतली स्वस्त भावंडं. बर्नरवर ठेवली की लालबुंद होते आणि बघणाऱ्याला वाटतं, केवढी धग! ती धग आधी जाळीला तापवण्यात गेलेली असते. वाऱ्याच्या खिडकीशी शेगडी असेल तर आडोशाच्या कड्याचा थोडा उपयोग होतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण भोकांची चकती हवा अडवते, ज्योत पिवळी पडते. विक्रेत्याचं ऐकण्यापेक्षा मोजून बघा. त्याच पातेल्यात मोजून एक लिटर पाणी, झाकण ठेवून, नॉब पूर्ण उघडा, उकळी फुटेपर्यंतचा वेळ लिहा. पातेलं गार होऊ द्या, पुन्हा तेवढंच गार पाणी घ्या. तीनदा जाळीसह, तीनदा जाळीशिवाय. वजनकाटा लागत नाही, कारण गॅस किती जायचा ते जेट ठरवतो आणि जाळी तर जेटच्या पुढे आहे. म्हणजे जितका वेळ, तितका गॅस. चांगल्या शेगडीवर लिटरभर पाण्याला साधारण १० ग्रॅम गॅस लागतो. झाकण काढून एकदा मोजलंत तर खरा गॅस सेव्हर कोणता ते कळेल.

जे काम ते ‘सर्व्हिसिंग’ म्हणून विकतात, त्यातलं बहुतेक घरच्या घरी होतं. रेग्युलेटर बंद करून बर्नर पेटता ठेवायचा, नळीतला गॅस जळून आपोआप विझू द्यायचा. सगळं गार झालं की बर्नर काढून कडकडीत पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास बुडवायचे. पितळ काळवंडलं असेल तर चिंचेचा कोळ आणि मीठ. बर्नरची भोकं टाचणीने साफ केली तर चालतात. जेटला मात्र टाचणी नाही. तिथे विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एक तार घालावी. तांबं पितळापेक्षा मऊ, भोक मोठं होत नाही. बर्नर पूर्ण वाळवूनच बसवावा. ओला राहिला तर फट्‌फट् करतो आणि आपण उगाच घाबरतो. टोपीची खाच खालच्या खाचेत बसली पाहिजे. एवढं करूनही ज्योत पिवळी राहिली, तर शेगडीखाली नळकांड्यावरची हवेची चकती, असल्यास, किंचित उघडायची. ज्योत बर्नरपासून सुटून सूंसूं करायला लागली तर किंचित मिटायची. अधूनमधून दिसणाऱ्या केशरी ठिणग्यांकडे दुर्लक्ष करा, त्या धुळीच्या आणि उतू गेलेल्या मिठाच्या पाण्याच्या.

नॉब जड झाला म्हणून खोबरेल तेल सोडू नका. चार दिवस मऊ फिरतो, मग तेल चिकट होतं, आतलं ग्रीस धुऊन नेतं आणि दांड्याशी गॅस झिरपायला लागतो. हे काम मेकॅनिकचंच. शेगडीच्या कंपनीचा किंवा एजन्सीचा माणूस आपण होऊन बोलवावा.

नळीचं म्हणाल तर बघायचं फार नाही. केशरी सुरक्षा नळीवर आयएसआय खूण, आयएस ९५७३ हा क्रमांक आणि साल छापलेलं असतं. आयुष्य पाच वर्षं. कापलेल्या टोकाला रबराच्या मधोमध पोलादी तारांची जाळी दिसली पाहिजे. दारावरच्या ‘सेफ्टी पाईप’मध्ये पुष्कळदा नुसतं केशरी प्लॅस्टिक असतं, मुडपलं की पांढरी रेघ उमटते. साल संपलं असेल तर दारावरचा माणूस खरं बोलला असं समजा, आणि नळी तरीही एजन्सीतूनच घ्या. रेग्युलेटर तर विकत घ्यायची वस्तूच नव्हे. अनामत भरून तो आपल्याकडे असतो, बिघडला तर एजन्सीच बदलून देते.

आणि ते येऊन गेलेच असतील तर? पैशांचा विचार नंतर. आधी वरची साबणपाण्याची परीक्षा पूर्ण करा, कारण घाईत ढकललेली नळी अर्धीच बसलेली असते. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कोणतंही बटण ना चालू करायचं ना बंद, आणि गॅसगळतीसाठीच्या १९०६ या मदत क्रमांकाला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून वरच्या खिडकीपेक्षा गॅलरीचं दार उघडणं महत्त्वाचं. मग बिल, कार्ड, काढलेले भाग यांचे फोटो घेऊन एजन्सीत जा. जुनी नळी त्यांनी नेली नसेल तर टाकू नका, तिच्यावरचं साल हाच पुरावा. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, व्यवहार क्रमांक जवळ ठेवून. आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच टाका: हे लोक जिना वरून खाली करत येतात, तुमच्याकडून निघाले तेव्हा खालचे दोन मजले बाकी असतात.