जुना बेल्ट ड्राइव्ह सुधारायचाय, मग पैसे कशात घालायचे: सुई, मोटर, प्लिंथ की टोनआर्म?

जुना बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल (मोटरच्या रबरी पट्ट्याने फिरणारा रेकॉर्ड प्लेअर) हाताशी असला आणि बऱ्यापैकी वाजत असला की पुढचा प्रश्न ठरलेलाच, आता यात काय बदललं तर आवाज अजून सुधारेल. सल्ले भरपूर मिळतात, कुणी म्हणतं जाड प्लिंथ (सगळं ज्यावर बसतं तो पाया) बनव, कुणी म्हणतं वायर बदल, कुणी नवी मॅट (रेकॉर्डखालची चकती) सुचवतं, कुणी मोटरला वेगळा पॉवर सप्लाय. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या टर्नटेबलसाठी बरोबर असतो, पण तोच सल्ला दुसऱ्या टर्नटेबलची वाट लावू शकतो, आणि हा फरक सांगायचा राहून जातो. म्हणून पर्याय बघायच्या आधी आपला टर्नटेबल कुठल्या घराण्यातला आहे ते बघा.

पहिलं घराणं स्प्रिंगवाल्यांचं. 1961 मध्ये एडगर विल्चर यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एक्सए टर्नटेबल आणला, त्यात प्लॅटरचं (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीचं) बेअरिंग आणि टोनआर्म (सुई धरणारा हात) एकाच फ्रेमवर बसवून ती फ्रेम तीन स्प्रिंगांवर तरंगत ठेवली आणि मोटर मात्र वेगळी, वरच्या पत्र्यावर. पुढे थोरेन्सचे टीडी 150 आणि टीडी 160, लिनचा एलपी12, हे सगळे त्याच वाटेवरचे. दुसरं घराणं घट्ट प्लिंथवाल्यांचं, म्हणजे रेगा प्लॅनर 3 सारखे, स्प्रिंग नाही, एकच हलकी पण ताठ प्लिंथ आणि मोटर, बेअरिंग, आर्म सगळं थेट तिच्यावर. ओळखायला सोपं आहे, प्लॅटरच्या मध्याजवळ बोटाने हलकं दाबून सोडा, आर्मसकट सगळं वरखाली डोललं तर स्प्रिंगवाला.

आता कुठलाही बदल करायच्या आधी मशीन मूळ तब्येतीला आणायचं, हे दोन्हींना लागू आहे आणि हे टाळून पुढे गेलात तर कुठल्या बदलाने काय झालं ते कधीच कळणार नाही. बेल्ट नवा घाला, पुली (मोटरवरचं बेल्टचं चाक) आणि आतल्या प्लॅटरची (बेल्ट बसतो त्या छोट्या चकतीची) कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा कारण जुन्या बेल्टचं रबर तिथे चिकटून बसलेलं असतं. मग बेअरिंग. आतला प्लॅटर सरळ वर उचला, दांड्यावरचं तेल काळं किंवा घट्ट झालं असेल तर पुसून काढा, खालच्या नळीत काडीला गुंडाळलेला कापूस फिरवा आणि तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत बदलत रहा (नळीतला बुश, म्हणजे आतलं अस्तर, सिंटर्ड ब्राँझचा असेल तर त्यात सॉल्व्हंट ओतून ठेवू नका, त्या धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं आणि ते निघून जातं). मग त्या मॉडेलला जे तेल सांगितलंय त्याचे थोडे थेंब टाका आणि प्लॅटर सोडा. बेअरिंग चांगलं असेल तर तो धपकन बसत नाही, खाली अडकलेली हवा हळूहळू निघते आणि प्लॅटर आपल्या वजनाने सावकाश खाली उतरतो, कधी कधी त्याला काही मिनिटं लागतात. हे बघायला मला आजही आवडतं, कारण त्या उतरण्यातच बेअरिंगची फिटिंग किती नेमकी आहे ते दिसतं.

इथपर्यंत आलात की पहिला खरा पर्याय म्हणजे कार्ट्रिज (आर्मच्या टोकाला सुई ज्यात बसते तो भाग) आणि सुई, आणि माझ्या मते बहुतेकांचा सगळ्यात मोठा खर्च इथेच व्हावा. कारण साधं आहे, बाकी सगळे बदल गोंगाट कमी करतात किंवा स्पीड सुधारतात, पण खाचेतून माहिती काढते ती सुईच. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन असते, इलिप्टिकलची, म्हणजे लंबगोल टोकाच्या सुईची, बाजूची कड साधारण 8 मायक्रॉन, आणि शिबाता किंवा मायक्रोलाइन या आकारांची त्याहून बारीक, त्यामुळे रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यांत जिथे खाच आकसलेली असते तिथे 'स' आणि झांजा फाटत नाहीत. तुमची तक्रार हीच असेल, म्हणजे बाहेरच्या कडेला छान आणि लेबलजवळ करकरीत, तर प्लिंथ आणि मोटर विसरा, उत्तर सुईत आणि अलाइनमेंटमध्ये आहे. प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची मापपट्टी) लावून कार्ट्रिज नीट बसवणं हा तर जवळपास फुकटचा बदल आहे, बेअरवाल्ड पद्धतीत रेकॉर्डच्या मध्यापासून 66 आणि 120.9 मिमी या दोन बिंदूंवर कार्ट्रिज खाचेच्या अगदी सरळ रेषेत यायला हवं.

पण कार्ट्रिज निवडताना आर्मचं वजन बघावंच लागतं. आर्म आणि कार्ट्रिज मिळून एक रेझोनन्स (स्वतःहून डोलायची फ्रिक्वेन्सी) तयार होतो, तो 8 ते 12 हर्ट्झमध्ये पडला तर उत्तम. हिशोब असा: आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू यांची बेरीज, गुणिले कंप्लायन्स (सुईची लवचिकता, कार्ट्रिजच्या माहितीत दिलेली), त्याचं वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. समजा आर्म 16 ग्रॅमचा, कार्ट्रिज 6 ग्रॅम, स्क्रू 1 ग्रॅम. कंप्लायन्स 12 असेल तर उत्तर साधारण 9.6 हर्ट्झ, झकास. त्याच आर्मला 30 कंप्लायन्सची मऊ कार्ट्रिज लावली तर 6 हर्ट्झ, म्हणजे वाकड्या रेकॉर्डवर सुई डोलणार, वूफर हवेत हलत राहणार. स्प्रिंगवाल्या टर्नटेबलला तर हे जास्तच नडतं कारण स्प्रिंगांचा स्वतःचा रेझोनन्स साधारण 3 ते 5 हर्ट्झला असतो आणि दोन्ही जवळ आले की पावलं टाकली तरी सुई उडते. अजून एक, डेनन आणि ऑडिओ टेक्निका कंप्लायन्स 100 हर्ट्झला मोजलेला देतात, तो आकडा या हिशोबासाठी अंदाजे दीड ते दोन पट धरायचा.

दुसरा पर्याय मोटर आणि तिचा पॉवर सप्लाय. हे कुणासाठी, तर ज्यांना पियानोचा लांबलेला सूर थरथरल्यासारखा वाटतो किंवा स्पीडच चुकलेला आहे. जुन्या बऱ्याच मशीनमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असते, तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला, 16 पोलची (चुंबकी ध्रुवांची) मोटर 50 हर्ट्झवर मिनिटाला 375 फेरे मारते आणि 60 हर्ट्झवर 450. म्हणून 60 हर्ट्झची पुली असलेलं मशीन 50 हर्ट्झवर लावलं तर 33⅓ ऐवजी सुमारे 27.8 फेरेच मिळतात, तिथे पुली बदला, विषय संपला. इलेक्ट्रॉनिक सप्लाय स्वतःची स्वच्छ साइन वेव्ह बनवतो, स्पीड बारीक जुळवता येतो, आणि चांगला सप्लाय मोटर सुरू झाल्यावर व्होल्टेज कमी करतो त्यामुळे मोटरची थरथर खरंच कमी होते. याचा फायदा मला घट्ट प्लिंथवाल्यांत जास्त वाटतो कारण तिथे मोटर आणि आर्म एकाच पाट्यावर आहेत, स्प्रिंगवाल्यात मोटर आधीच वेगळी असते. आधी स्ट्रोब डिस्कने तपासा (रेघा छापलेली चकती, मेन्सच्या दिव्याखाली स्पीड बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात, 50 हर्ट्झला 180 रेघा, 60 ला 216), पण सगळ्या एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसत नाहीत, त्यापेक्षा 3150 हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड बरी. आणि मोटरच्या वायरिंगला मेन्सचा करंट असतो, ते काम येत नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

तिसरा पर्याय प्लिंथ, डँपिंग (थरथर शोषणारा थर), मॅट आणि पाय, इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात कारण काम हाताने करता येतं आणि दिसतं पण छान. स्प्रिंगवाल्या थोरेन्सचा तळ पातळ हार्डबोर्डचा असतो, तो जाड प्लायवुडने बदलणं हा चांगला, स्वस्त आणि सहज परत फिरवता येणारा बदल. पत्र्याच्या सबचासिसला (स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या फ्रेमला) खालून थोडं डँपिंग शीट लावणंही ठीक, टिचकी मारली की टण् ऐवजी ठक् असा आवाज आला की थांबायचं. त्यापुढे जाऊन किलोभर वजन चिकटवलं की स्प्रिंग दबतात आणि डोलणं सरळ वरखाली न राहता तिरकं होतं, आणि एकदा डोलणं तिरकं झालं की बेल्टचा ताण दर हेलकाव्याला बदलतो, मग स्पीडही हलतो. कुठलाही बदल केल्यावर स्प्रिंग परत जुळवा, आणि आर्मची केबल खाली कशी वळवलीय ते बघाच, ती कडक असेल किंवा ताणलेली असेल तर एवढी एक केबल पूर्ण सस्पेन्शन एका बाजूला ओढून धरते. स्प्रिंगवाल्याच्या खाली अजून मऊ रबरी पाय लावू नका, दोन झुलत्या गोष्टी एकावर एक आल्या की तोल बिघडतो. त्याला हलकं ताठ टेबल नाहीतर भिंतीतली फळी लागते.

घट्ट प्लिंथवाल्याचं बरोबर उलटं. तिथे पाय आणि खालचा आधार सुधारला तर फरक लगेच कळतो कारण बाहेरचे धक्के अडवायला त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. पण प्लिंथ जड करायच्या मागे लागू नका, रेगाची सगळी रचनाच हलकं आणि ताठ या तत्त्वावर आहे, तिच्यावर वजन लादलं तर बास जाड होतो आणि लय सुस्तावते असं माझ्या कानाला वाटतं. प्लॅस्टिकचा आतला प्लॅटर बदलून लेथवर नीट कातलेला अॅल्युमिनियमचा बसवणं मात्र योग्य, तिथे बेल्टची चाल खरोखर सुधारते. मॅटबद्दल एवढंच की 3 मिमी जाडी वाढली तर 9 इंची आर्मचा कोन साधारण पाऊण डिग्रीने बदलतो, आर्मची उंची वाढवता येत नसेल तर त्याखाली स्पेसर टाकावा लागेल.

चौथा, टोनआर्मची वायर किंवा आख्खा आर्म. आतली वायर तुटली नसेल, एक चॅनल जात येत नसेल, तर ती बदलायचा अट्टाहास नको, ते केसासारखं नाजूक काम आहे आणि मिळणारा फरक थोडा. बाहेरची केबल वेगळी गोष्ट, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला 47 किलोओहमसोबत केबल आणि फोनो इनपुट (अॅम्प्लिफायरचं टर्नटेबलसाठीचं इनपुट) मिळून बऱ्याचदा 100 ते 200 पिकोफॅरड इतकीच कपॅसिटन्स चालते, जुनी केबल एकटीच तेवढी खाऊन टाकते आणि आवाज वरच्या पट्टीत टोचायला लागतो. कमी कपॅसिटन्सची केबल हा एमएमवाल्यांसाठी स्वस्तातला चांगला बदल. पूर्ण आर्म बदलणं स्प्रिंगवाल्यात सोपं पडतं कारण आर्मबोर्ड (आर्म बसतो ती फळी) वेगळा निघतो, नवा बोर्ड कापायचा आणि मूळचा जपून ठेवायचा, फक्त नवा आर्म जड असेल तर स्प्रिंग पुन्हा जुळवायच्या.

थोडक्यात निवडायचं असेल तर तक्रारीवरून निवडा. शेवटची गाणी फाटतात तर सुई आणि अलाइनमेंट, सूर थरथरतो तर बेल्ट, बेअरिंग आणि मग सप्लाय, चालताना सुई उडते तर टेबल आणि रेझोनन्सचा हिशोब, वरचा आवाज टोचतो तर केबल. आणि ठरवायच्या आधी एक तपासणी नक्की करा, बेल्ट काढा, प्लॅटरची कड दोन बोटांत धरून वरखाली हलवा आणि टकटक लागतेय का बघा. मग बेल्ट परत लावून रेकॉर्डवरच्या दोन गाण्यांमधल्या शांत जागेत हेडफोनने ऐका. कड टकटकत असेल आणि सोबत घरघर येत असेल, वेगवेगळ्या रेकॉर्डवर तीच घरघर, तर बेअरिंग झिजलंय. त्या मॉडेलचं बेअरिंग मिळत असेल तर आधी तेच घ्या, मिळत नसेल तर कार्ट्रिज सोडून बाकी कशावरही खर्च करू नका, कार्ट्रिज निदान पुढच्या टर्नटेबलवर तरी लावता येईल.