मधमाशी डसली, मेडिकल गाठलं: इंदुरात काय मिळतं, काय घ्यावं

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, काही चावलं की इंदूरचा माणूस आधी कोपऱ्यावरचं मेडिकल गाठतो. साध्या डंखासाठी ते योग्यच आहे. औषधांच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. कॅलामाइन, सेट्रिझिन, पॅरासिटामॉल कुठेही मिळतं, त्यासाठी दवा बाजारापर्यंत, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारापर्यंत, जायची गरज नाही. कमी पडतं ते विचारणं. "किसने काटा? कब काटा? साँस तो ठीक है?" ट्यूबला हात लावण्याआधी एवढं विचारणारा फार्मासिस्ट ज्या दुकानात आहे, ते दुकान धरून ठेवावं.

पहिला प्रश्न महत्त्वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो. मधमाशीची नांगी काटेरी असते. ती कातडीत रुतते आणि विषाच्या पिशवीसकट माशीच्या अंगातून तुटते. नीट पाहिलं तर बारीक काळं कुसळ आणि त्याच्या टोकाला पांढुरकी पिशवी दिसते. माशी उडून गेली तरी ही पिशवी आकसत राहते आणि विष आत ढकलते. त्यामुळे नखाने काढावी की चिमट्याने, यावर वेळ घालवू नये. जे हाताशी असेल त्याने लगेच काढावी. दुकानात पोहोचेपर्यंत बहुतेक विष आत गेलेलं असतं, तरीही कुसळ राहिलं असेल तर ते काढून जागा साबणाने धुवायला हवी. गांधीलमाशी, म्हणजे इथली बर्र, नांगी मागे सोडत नाही. तिथे कोरून काही शोधू नये. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. चुना लावू नये, त्याने कातडी भाजते. लोखंड घासल्याने विष उतरत नाही.

खाज आणि सूज यांवर मोठ्या माणसाला सेट्रिझिन 10 मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून एकदाच. झोप येते, म्हणून रात्री घेतलेली बरी आणि घेतल्यावर गाडी चालवू नये. असर दिसायला तासभर लागतो. अर्ध्या तासात दुसरी गोळी घेतल्याने काही साधत नाही. मुलांच्या सिरपमध्ये सहसा 5 मिलीलीटरमध्ये 5 मिलिग्रॅम औषध असतं, तरी लेबल वाचावंच. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला 2.5 मिलीलीटर, दिवसातून दोनदा, तेही बाटलीच्या मापाने, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही देऊ नये. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना क्लोरफेनिरामिनसारखी अॅलर्जीची जुनी औषधं दिली तर लघवी अडकू शकते, हे काउंटरवर सांगायला हवं आणि क्वचितच सांगितलं जातं. कॅलामाइनची बाटली हलवूनच वापरावी. औषध तळाशी बसतं, न हलवता ओतलं तर नुसतं पाणी हाती येतं.

सर्वात जास्त खटकते ती पुडी. पट्टीतून कापलेल्या तीन-चार गोळ्या, नाव नाही, मुदत नाही, वर पेनाने "सुबह-शाम". त्यातली बारीक पांढरी गोळी बऱ्याचदा स्टेरॉइड असते. सूज झपाट्याने उतरते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि मधुमेही माणसाची साखर चढते. पुडी घेऊच नये. पट्टी मागावी, बिल मागावं. बिलावर बॅच आणि मुदत असते.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे "सब में चलती है" म्हणून हातात ठेवलेली क्रीम. क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, सगळं एकाच ट्यूबमध्ये. डंखाला यातलं बहुतेक काही लागत नाही आणि चेहऱ्यावर लावत राहिलं तर कातडी पातळ होते. अशा ट्यूबवर 'आर-एक्स' खूण असते, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नसते. स्टेरॉइड लावायचंच असेल तर हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का, पातळ थर, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त आठवडाभर. जखमेवर नाही, डोळ्यांजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी सूज वाढली की लगेच अँटिबायोटिक दिलं जातं, तेही घाईचं. पहिले दोन दिवस लाली पसरणं हे बहुधा विषाला दिलेलं उत्तर असतं, जंतुसंसर्ग नव्हे. त्यानंतरही ठणका वाढत गेला, पू आला किंवा ताप चढला, तर डॉक्टर.

पावसाळ्यात आणखी एक गल्लत होते. दिव्याभोवती मुंगीएवढा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा लांबट किडा येतो. तो चावत नाही, अंगावर चिरडला गेला की त्याच्यातला रस भाजतो. सकाळी लांबट लाल पट्टा दिसतो, दिवसभरात त्यावर फोड येतात, कोपराच्या वळणात तर समोरासमोर दोन. लोक याला नागीण समजतात आणि दुकानदारही नागिणीचं औषध काढून देतो. तो किडा फुंकून उडवावा, मारू नये. रस लागलाच तर साबण आणि भरपूर पाणी.

मेडिकलवर जायचंच नाही असेही प्रसंग आहेत. अंगभर गांधी उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, घोगरा आवाज, दम लागणं, उलटी, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर सरळ 108 ची अँब्युलन्स किंवा एम वाय हे सरकारी रुग्णालय. इथे सेट्रिझिन उपयोगाचं नाही. लागतं ते अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम. माणसाला आडवं ठेवावं, पाय उंच, दम लागत असेल तर बसवावं, पण उठवून चालवू नये. उतरल्यासारखं वाटलं तरी काही तासांनी त्रास परत येऊ शकतो, म्हणून दवाखान्यात थांबवून घेतात. आग्या मोहोळ उठलं आणि डझनावारी डंख बसले तर अॅलर्जी नसली तरीही दवाखाना, कारण तेवढं विष मूत्रपिंडावर जातं. विंचवाचंही तसंच. घाम, थंड पडलेले हातपाय आणि उलटी दिसली की वेळ घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलेलं प्रॅझोसिन हे औषध त्यावर चालतं, पण ते रक्तदाबावर नजर ठेवून दवाखान्यातच द्यायचं असतं, काउंटरवरून घरी न्यायचं नाही.