ॲबाचे पोशाख: सात-आठ महिने घालून, धुऊन आणि नाचून झाल्यावर

पार्टीला ॲबा, म्हणजे सत्तरच्या दशकातला तो चौघांचा स्वीडिश बँड, होऊन जायचं असेल तर चौघांनी मिळून जा, आणि अखंड जंपसूट घेऊ नका. कमरेखाली येणारा अंगरखा आणि वेगळी बेलबॉटम घ्या. बाकी सगळं पुढे सविस्तर लिहिते, पण घाईत असाल तर एवढं पुरे.

आम्ही चौघं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो: मी, माझा नवरा, माझी मैत्रीण आणि तिचे मिस्टर. ओळखीच्या एकांच्या पन्नाशीची पार्टी होती आणि सगळ्यांनी सत्तरच्या दशकातलं काहीतरी होऊन यायचं होतं. पुढे तेच कपडे हॅलोवीनला, ख्रिसमसच्या पार्टीला, मराठी मंडळाच्या वेशभूषेच्या कार्यक्रमात आणि शेवटी लंडनच्या 'ॲबा व्हॉयेज' या कार्यक्रमाला घातले. माझा आणि नवऱ्याचा जंपसूट इथेच ऑनलाइन तयार मिळाला, प्रत्येकी 30-35 पौंडांना. मैत्रीण तेव्हा माहेरी डोंबिवलीला गेली होती, तिने दोघांचे कपडे तिथे शिवून आणले. म्हणून तयार आणि शिवलेले, दोन्ही शेजारी ठेवून बोलता येतंय.

आधी कुठला ॲबा व्हायचं ते ठरवा. 6 एप्रिल 1974 ला ब्रायटनमध्ये 'वॉटर्लू' हे गाणं म्हणून त्यांनी युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली, तेव्हा सोनेरी केसांची गायिका ॲग्नेथा चकचकीत निळ्या सॅटिनमध्ये होती, गिटारवाल्या ब्योर्नच्या हातात ताऱ्याच्या आकाराची गिटार होती आणि वाद्यवृंदाचा संचालक चक्क नेपोलियनचा वेश करून आला होता. त्या रात्रीचे कपडे प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे हुबेहूब करायला महाग. त्यानंतरच्या काळातले, ओवे सांडस्ट्रॉम यांनी केलेले कपडे मला सगळ्यात आवडतात. पांढऱ्या आखूड अंगरख्यांवर एकीच्या पिवळं आणि दुसरीच्या निळं मांजर, ते तर फारच देखणे. दुकानात मात्र बहुतेक वेळा पांढरं सॅटिन आणि निळा-सोनेरी काठ असा सरसकट ॲबा मिळतो. आम्ही तोच घेतला आणि तो चालतो, कारण लोक कपड्यांवरून ओळखतच नाहीत. एक सोनेरी केसांची, एक तांबूस केसांची आणि दोघांतला एक दाढीवाला, असे चौघं ओळीत उभे राहिले की दारातूनच हाका येतात. नवरा एकदा एकटाच पुढे पोचला, तर त्याला कुणी एल्व्हिस समजलं.

हे कपडे इतके भडक का, याचं एक कारण ब्योर्नने स्वतः सांगितलंय. स्वीडनमध्ये रंगमंचाच्या कपड्यांचा खर्च करातून वजा करता येई, पण ते रोज वापरता येण्याजोगे नसले तरच. म्हणजे मुळात हे कपडे बसाउठायला केलेलेच नव्हते. आपल्याला मात्र त्यात जेवायचं असतं, ट्रेनने जायचं असतं, बाथरूमला जायचं असतं. तयार कपड्यांत नेमका याचाच विचार केलेला नाही.

जंपसूटची चेन पाठीवर असते. प्रत्येक वेळी बाथरूमला जाताना मैत्रिणीला सोबत न्यावं लागतं आणि सगळा वरचा भाग उतरवून फरशीला लागू नये म्हणून हातात धरावा लागतो. शिवाय दुकानाच्या तक्त्यात छाती, कंबर आणि उंची दिलेली असते, खांद्यापासून खाली जांघेतून परत खांद्यापर्यंतचं माप कुठेच नसतं. ते माप कमी पडलं की हात वर केला की खालून ओढतं. ॲबाच्या गाण्यांवर हात वर न करता कुणी कसं नाचेल?

कापड पॉलिएस्टर सॅटिन, पातळ, अस्तर नाही. आत इंटरलॉक नव्हतं, नुसती एकेरी टीप. सॅटिनचे दोरे पटापट सुटतात, त्यामुळे नवऱ्याचा मुंढा पहिल्याच रात्री उसवला. डोंबिवलीच्या मास्तरांनी दोन बोटं माया ठेवली, आतून इंटरलॉक केलं आणि अंगरख्याला सुती अस्तर लावलं. घाम अस्तरात जिरतो, सॅटिनवर डाग उमटत नाहीत. कापड मंगलदास मार्केटमधलं, जरा वजनदार, म्हणून झोकही सुंदर पडतो. मास्तरांना मैत्रिणीने फोटो दाखवला तर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. तरुणपणी त्यांनी ढिगाने बेलबॉटम शिवल्या होत्या. घेर गुडघ्यापासून सुरू होतो, मांडीपासून नाही, हे त्यांनीच तिला सांगितलं. तयार पँटचा घेर मांडीपासून सुटतो आणि ती पलाझोसारखी दिसते. शिवलेले कपडे आजही नव्यासारखे आहेत.

विग चारही इथलेच. साधा कृत्रिम विग उष्णतेने वितळतो, स्ट्रेटनर किंवा गरम हवेचा ड्रायर जवळही आणू नका. थंड पाण्यात थोडा शाम्पू घालून बुडवायचा, न पिळता टॉवेलात दाबायचा आणि वाळल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरत जायचं. माझ्या सोनेरी विगचा मानेजवळचा भाग कॉलरला घासून गुंतायचा. शेवटी तो दोन बोटं कापला आणि त्रास संपला. आत जाळीची टोपी घालाच, नाहीतर आपलेच काळे केस कानाजवळून डोकावतात.

बुटांचं सांगायचं तर दोन पर्याय असतात: खरे उंच प्लॅटफॉर्म बूट किंवा आपल्या बुटांवर चढवायचे चंदेरी कव्हर. कव्हर लाकडी फरशीवर घसरतात, मी ती सरळ बाद केली. प्लॅटफॉर्म घेतलेत तर टाच आणि चवडा यांच्या उंचीत फार फरक नसलेले घ्या, चार तास उभं राहता येतं. आमच्यातल्या एका जोडीचं चंदेरी रेक्झिन घडीवर सोलायला लागलंय.

धुण्याबद्दल थोडंच. उलटं करून, थंड पाण्यात, हाताने. इस्त्री मंद आणि उलट्या बाजूने. दागिने आणि नखं सांभाळा, सॅटिनचा धागा एकदा ओढला गेला की बसवता येत नाही.

'व्हॉयेज'बद्दल मात्र लिहायलाच हवं. पूर्व लंडनमध्ये पुडिंग मिल लेन स्टेशनच्या बाजूलाच तीन हजार प्रेक्षकांचं खास थिएटर आहे, मे 2022 पासून सुरू. पडद्यावर संगणकाने घडवलेले 1970च्या दशकातले चौघं आणि समोर खरा वाद्यवृंद. त्या डिजिटल चौघांचे काही कपडे आपल्या फॅशन डिझायनर मनीष अरोरांनी केलेत, हे कळल्यावर मला फार अभिमान वाटला. प्रेक्षकांत कितीतरी जण चमकत्या टिकल्यांचे कपडे, चंदेरी बूट, पांढरं सॅटिन घालून आलेले असतात. सत्तरीच्या आज्या नातींना घेऊन येतात. नाचायच्या भागाची तिकिटं काढा आणि हे कपडे घालूनच जा. अनोळखी माणसं गळ्यात हात टाकून फोटो काढतात, आणि दीड तास तिथे कुणी कुणाला परकं राहत नाही. अर्थात आत उकडतं. अस्तरवाली जोडी मजेत होती, आम्ही दोघं घामाने निथळत होतो.

आता मैत्रीण डिसेंबरात परत डोंबिवलीला जातेय. मी माझं आणि नवऱ्याचं माप लिहून दिलंय, या वेळी मांजरांचे अंगरखे शिवायचेत. मांजर रंगवायचं नाही, वेगळ्या कापडाचं कापून वर शिवायचं, म्हणजे धुण्यात टिकेल. तयार जंपसूटचा काठ अजून चांगला आहे, तो उसवून त्यांनाच लावणार आहोत.